‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’

नांदेडचे पीपल्स कॉलेज एका संन्याशाने काढले आणि एका नास्तिकाने गाजवले. संन्यासी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. 1930 साली त्यांनी भगवी वस्त्रे घेतली, पण ते हिमालयात गेले नाहीत. शाळा चालवल्या, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले, निजामाचे तुरुंग पाहिले आणि संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1950 साली नांदेडला कॉलेज उभे केले. नास्तिक म्हणजे नरहर कुरुंदकर. या कॉलेजात ते प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्य झाले. मराठवाडा त्यांना आजही ‘कुरुंदकर गुरुजी’ म्हणतो.

देव न मानणाऱ्या माणसाला एका अख्ख्या प्रदेशाने ‘गुरुजी’ म्हणावे, यात नांदेडकरांना काही विशेष वाटत नाही. बाहेरच्याला वाटते. गोदाकाठच्या या गावात 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबला देशभरातले शीख येतात. जिल्ह्याच्या एका टोकाला माहूरगडावर रेणुका आणि दत्त, दुसरीकडे माळेगावात खंडोबाची जत्रा. आणि अशा ठिकाणी एक मास्तर उघडपणे सांगतो की मी नास्तिक आहे. वर महाभारतावर असा बोलतो की हरदासाने ऐकत राहावे. मनुस्मृतीची चिकित्सा करणारे पुस्तक त्यांचेच आणि रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची गाजलेली प्रस्तावनाही त्यांचीच. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादमध्ये एका कार्यक्रमात, व्यासपीठावर असताना त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

कुरुंदकरांचे नाव काढले की नव्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येतोच. इतका चिकित्सक माणूस ‘देव नाही’ असे ठामपणे कसा म्हणू शकतो? ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणे जास्त प्रामाणिक नव्हे का? नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्यातला वाद सुरू होतो तो इथून, आणि बहुतेक वेळा घसरतोही इथेच. कारण बहुतेकांची समजूत अशी असते की एका टोकाला आस्तिक, दुसऱ्या टोकाला नास्तिक आणि मध्ये अंग चोरून बसलेला अज्ञेयवादी. तळ्यात-मळ्यातच्या खेळात रेषेवर उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

ही मांडणी सोयीची आहे, पण चुकीची. इथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. पहिला : देव आहे असे तुम्ही मानता का? दुसरा : देव आहे की नाही, हे माणसाला कळण्याजोगे आहे का? पहिला प्रश्न मानण्याचा, दुसरा कळण्याचा. नास्तिक पहिल्याचे उत्तर देतो, अज्ञेयवादी दुसऱ्याचे. त्यामुळे एकच माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. देव मानत नाही म्हणून नास्तिक, आणि नसल्याची खात्री कुणालाच देता येणार नाही म्हणून अज्ञेयवादी. उलट बाजूलाही तेच. गळ्यात तुळशीची माळ असलेला आणि “आम्हाला काय कळतंय त्याचं, पण आम्ही मानतो” असे म्हणणारा शेतकरी लातूरच्या कुठल्याही एसटी स्टँडवर भेटेल. तो आस्तिक आहे आणि अज्ञेयवादीसुद्धा. फक्त त्याला हा दुसरा किताब कुणी दिलेला नाही.

हा किताब तसा नवाच. इंग्लंडमध्ये टॉमस हक्सले या जीवशास्त्रज्ञाने 1869 साली तो घडवला. डार्विनची बाजू भर सभेत लढवणारा हा गडी एका तत्त्वचर्चेच्या मंडळात बसू लागला. तिथल्या प्रत्येकाला विश्वाचे अंतिम रहस्य कळलेले होते : कुणाला देव सापडला होता, कुणाला जडद्रव्य. आपल्याला तसे काहीच सापडलेले नाही, मग आपण कोण, या पेचातून त्याने स्वतःसाठी हे नाव तयार केले. मात्र हक्सलेचा अज्ञेयवाद म्हणजे हात झटकणे नव्हते. ती एक शिस्त होती : पुरावा जिथवर नेईल तिथवर बेधडक जायचे, आणि जिथे पुरावा नाही तिथे खात्रीचा आव आणायचा नाही. डार्विननेही म्हातारपणी, 1879 च्या एका पत्रात, आपल्या मनःस्थितीला हेच नाव जवळचे असल्याचे लिहिले.

बर्ट्रांड रसेलने 1947 साली हा गुंता आणखी मोकळा केला. तत्त्वज्ञांपुढे बोलताना आपण स्वतःला अज्ञेयवादी म्हणू, कारण देव नाही याची निर्णायक सिद्धता आपल्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला सांगताना नास्तिक म्हणू, असे त्याने सांगून टाकले. ग्रीकांचे झ्यूस, हेरा वगैरे देव नाहीत याचीही सिद्धता कुणाकडे नसते. म्हणून आपण झ्यूसच्या बाबतीत ‘ठाऊक नाही’ म्हणत फिरतो का? पुढे 1952 साली त्याने सूर्याभोवती फिरणाऱ्या चहाच्या किटलीचा दाखला दिला. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली फिरते आहे, ती इतकी लहान की कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही, असे कुणी म्हटले तर ते खोटे पाडता येत नाही. पण खोटे पाडता येत नाही म्हणून ते मानायलाच हवे असे थोडेच आहे? सिद्ध करण्याचा भार, रसेलच्या मते, किटली आहे म्हणणाऱ्यावर. कुरुंदकरांवरच्या त्या आक्षेपाला यात उत्तर मिळते. नास्तिकाने त्रिभुवन धुंडाळून देव नसल्याची खात्री करून घेतलेली नसते. पुढे ठेवलेले पुरावे त्याला पुरेसे वाटत नाहीत, एवढेच.

आपल्याकडे या चर्चेत एक जादा अडचण आहे. जुन्या काळी नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, तर वेद न मानणारा. या हिशेबाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले, आणि जगाला निर्मात्या ईश्वराची गरज नाही असे म्हणणारे सांख्य आणि मीमांसक मात्र आस्तिकांच्या पंक्तीत बसले. कुमारिल भट्टासारखा वेदांचा कट्टर कैवारी विश्वनिर्मात्या ईश्वराच्या कल्पनेतली विसंगती दाखवतो, आणि तरी त्याला कुणी नास्तिक म्हणत नाही. आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकावरच्या पुस्तकाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ हे नाव दिले, ते याच जुन्या वाटणीला चिमटा काढत.

अज्ञेयवाद मात्र विलायतेतून आलेला पाहुणा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत शेवटी अशा जागी येऊन थांबते की वर बसून पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असेल, किंवा कदाचित नसेलही. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक आचार्य होता. परलोक आहे का, असे राजा अजातशत्रूने विचारले तेव्हा त्याने ‘आहे’, ‘नाही’, ‘दोन्ही’ आणि ‘दोन्ही नाही’ यांपैकी एकही उत्तर पत्करले नाही. बौद्ध ग्रंथांनी त्याची भरपूर थट्टा केली आहे. गंमत अशी की बुद्धाचे दोन पट्टशिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, आधी याच संजयाकडे होते. स्वतः बुद्धानेही जग शाश्वत आहे का, अशा काही प्रश्नांवर मौनच पाळले. पण ते प्रश्न दुःखमुक्तीच्या कामाचे नाहीत, हे त्याचे कारण. संजयाला उत्तर द्यायचे नव्हते, बुद्धाला प्रश्नच बिनकामाचा वाटला. ‘ठाऊक नाही’च्याही जाती असतात.

मराठी मुलखात या दोन शब्दांत सापडलेले सर्वांत ठळक नाव गोपाळ गणेश आगरकरांचे. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ म्हणजे त्यांचे वाचन. स्पेन्सरने जगाच्या मुळाशी असलेल्या तत्त्वाला ‘अज्ञेय’ म्हटले : आज कळलेले नाही असे नव्हे, कधीच कळणार नाही असे. आगरकरांना नास्तिक म्हणावे की अज्ञेयवादी, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. त्यांच्या विरोधकांना मात्र असली अडचण नव्हती. त्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तिरडी बांधणारे कधी तत्त्वज्ञानातले बारकावे विचारत बसत नाहीत.

आणि स्पेन्सरचे ‘कधीच कळणार नाही’ व हक्सलेचे ‘पुराव्यावाचून बोलणार नाही’ यांत बरेच अंतर आहे. ते अंतर लातूर जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. औसा तालुक्यातल्या किल्लारीत आणि आसपासच्या गावांत गणपती विसर्जन करून लोक झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती 6.2 च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा भूकंप प्रचंड नव्हता. घात केला घरांनी. दगड आणि चिखलाच्या हातभर रुंद भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती चढवायची, गळती थांबायची. वर्षानुवर्षे थर वाढत गेले आणि छताचे वजनही. उन्हाळ्यात हेच घर थंडगार. त्या पहाटे हेच छत आणि त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

ज्या रात्री विघ्नहर्त्याला निरोप दिला त्याच रात्री हे घडले. मग प्रश्न पडणारच. तो जगात पूर्वीही पडला होता. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली, आणि चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले लोक कोसळत्या छतांखाली सापडले. व्हॉल्टेअरने त्यावर कविता लिहिली. जे घडते ते चांगल्यासाठीच, हे तत्त्वज्ञान युरोपात त्यानंतर पूर्वीसारखे मिरवू शकले नाही. व्हॉल्टेअर स्वतः मात्र ना नास्तिक झाला, ना अज्ञेयवादी. घड्याळ आहे तर घड्याळजी असणारच, या मतावर तो कायम राहिला.

किल्लारीपुढे उभा राहिलेला नास्तिक म्हणेल : देव सर्वशक्तिमान असता तर त्याला हे थांबवता आले असते, दयाळू असता तर त्याने थांबवले असते. थांबले नाही, तेव्हा असा देव नाही. युक्तिवाद जुना आहे आणि भक्कम आहे. अज्ञेयवादी त्यातला एक शब्द हळूच पकडेल : ‘असा’. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाची कल्पना किल्लारीत अडचणीत येते हे खरे. पण ज्याला माणसांशी काही देणेघेणे नाही अशी एखादी शक्ती आहे की नाही, याबद्दल भूकंप काहीच सांगत नाही. तर्काने अज्ञेयवादी बरोबर आहे. पण माणसांशी देणेघेणे नसलेल्या शक्तीला नवस कोण करणार? रोजच्या व्यवहारात लोक ज्याला देव म्हणतात तो धावून येणारा देव आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायचे तर नास्तिकाचे उत्तर जास्त थेट आहे.

‘देवाचा कोप’ म्हणणाऱ्यांचे काय? इथे एक जुना वाद आठवतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. त्याला जाहीर विरोध केला तो रवींद्रनाथ टागोरांनी. दोघेही देव मानणारे! निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवू नये, हे सांगायला टागोरांना नास्तिक व्हावे लागले नाही.

भूगर्भशास्त्रज्ञांना तर किल्लारीच्या त्या पहाटे ‘ठाऊक नाही’ असे अगदी साध्या अर्थाने म्हणावे लागले. दख्खनचे पठार म्हणजे जुना, थंडावलेला, स्थिर खडक; तेव्हाच्या भारतीय भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 1992 च्या शरद ऋतूत किल्लारीला छोटे धक्के बसले, लोक घाबरले, आणि धक्के थांबल्यावर पुन्हा घरात झोपू लागले. मोठ्या भूकंपानंतर अभ्यास सुरू झाले, खोल छिद्रे घेतली गेली, जवळच्या धरणातल्या पाण्याचा काही संबंध आहे का यावर वाद झडले. 2002 साली नकाशा बदलला : पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. हक्सलेला अभिप्रेत असलेले न कळणे असे असते. ते नकाशा बदलायला लावते. स्पेन्सरच्या न कळण्यात नकाशाच नसतो. अज्ञेयवादावर आळशीपणाचा आरोप करणारे बहुधा दुसऱ्या जातीचा अज्ञेयवाद पाहून पहिल्याला शिव्या देतात.

माळेगावच्या जत्रेत तिसराच प्रकार दिसतो. लोहा तालुक्यातल्या या जत्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो, लावणीचे फड लागतात आणि खंडोबाला नवस फेडले जातात. “देव असंल बी, नसंल बी, नवस बोलायला काय जातंय?” असे म्हणणारा या भागात परका नाही. हा अज्ञेयवाद नव्हे, हा हिशेब आहे. फ्रेंच गणितज्ञ पास्कालने सतराव्या शतकात हाच हिशेब पैजेच्या भाषेत मांडला : देव मानला आणि तो नसला तर फारसे काही जात नाही, मानला नाही आणि तो असला तर सगळेच जाते. अडचण एकच. पैज कुठल्या देवावर लावायची हे पास्कालने गृहीत धरले होते. माळेगावकराला ती सोय नाही. खंडोबा आहे, माहूरची रेणुका आहे, पिराचा दर्गा आहे. तो सगळीकडे थोडे थोडे लावतो.

या गोंधळातून काम करण्याची वाट डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी काढली. 1989 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव आणि धर्म यांबाबत तटस्थ राहायचे ठरवले. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते. डॉ. श्रीराम लागू तर ‘देवाला रिटायर करा’ असे जाहीरपणे म्हणत आणि त्याच व्यासपीठावर दाभोलकरांशी वाद-संवाद करत. हे मतभेद लपवले जात नसत, उलट कार्यक्रमच त्यांवर रंगत. पुष्कळ लोक समितीच्या तटस्थतेला अज्ञेयवाद समजतात. तो अज्ञेयवाद नव्हता, धोरण होते. ज्याची परीक्षा घेता येते त्याची घ्यायची, बाकीचे ज्याचे त्याने पाहावे. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा देव आहे की नाही या वादात शिरण्याची गरजच नव्हती. चमच्यातले दूध पृष्ठताणाने सोंडेकडे ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे दाखवणे पुरेसे होते. त्या दिवशी ‘कोण जाणे, पीतही असेल’ म्हणणारा अज्ञेयवादी नव्हता. त्याने फक्त मूर्तीच्या पायाशी वाकून पाहिले नव्हते.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वटहुकमाला राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी मंजुरी दिली. या वटहुकमाखालचा पहिला गुन्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला नोंदला गेला तो नांदेडमध्ये. दुर्धर आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करणाऱ्यांवर ती कारवाई होती. देव आहे की नाही यावर कायदा चकार शब्द काढत नाही. मुळात या कायद्याला ‘धर्मद्रोही’ म्हणून वर्षानुवर्षे अडवून धरले गेले, ते बघता हे मौन फार बोलके आहे. इलाजाचा दावा तपासता येतो. त्यासाठी पोलिसाने आस्तिक, नास्तिक वा अज्ञेयवादी असण्याची गरज नसते.

सरकारला अज्ञेयवादी दिसतच नाहीत, ही तेवढीच मजेची गोष्ट. 2011 च्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंदले गेलेले जेमतेम 33 हजार, आणि त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे : साडेनऊ हजारांहून थोडे अधिक. धर्म न सांगणारे मात्र सुमारे 29 लाख. त्यांत अज्ञेयवादी किती, संकोची किती आणि प्रश्न नीट न ऐकलेले किती, हे सांगायला मार्ग नाही. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये दिला. तरी जनगणनेच्या फॉर्मवरचा प्रश्न ‘तुमचा धर्म कोणता’ असाच असतो. ‘तुम्ही देव मानता का’ असा नसतो. मोजणीसाठी दारात आलेल्या मास्तरांना घरचे आडनाव ठाऊक असते, आणि घरातल्या एखाद्या मुलाचे मत वेगळे असले तरी वडीलधाऱ्यांसमोर तो ते कशाला बोलतो? अशा घरातला नास्तिक हिंदू म्हणून मोजला जातो, मुसलमान म्हणून मोजला जातो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बौद्ध वस्त्यांमध्ये धर्माचा हा रकाना आणखीच वेगळे बोलतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा अगदी पहिली आहे. त्या घेऊन ज्यांनी ईश्वराची कल्पना शांतपणे बाजूला ठेवली, त्यांची नोंद ‘नास्तिक’ या आकड्यात होत नाही. ती ‘धर्म : बौद्ध’ अशी होते, आणि ती तशी व्हावी याचा त्यांचा आग्रहही असतो.